मगदूम आणि हाळूरची बस्ती

आयुष्यात मी थापा पोत्यांनी मारल्या. बहुतेक मारल्या जागीच मेल्या. एकच अशी निघाली की माझ्या तोंडातून सुटली ती स्वतःच्या पायांनी चालू लागली, आणि तिच्या मागोमाग चालत गेला तो आमचा बाळगोंडा मगदूम. थाप मारायची कला ज्याला बिलकूल ठाऊक नव्हती असा माणूस.

बंगळूरच्या पूर्वेला, के. आर. पुरमच्या स्टेशनापलीकडे, आमचा सरकारी कारखाना उभा राहत होता तेव्हाची ही हकिकत. म्हणजे पन्नास सालानंतरची. कारखाना कसला, एका खात्याला छप्पर होतं तर दुसऱ्याला नुसत्याच भिंती. परदेशी यंत्रं आधी आली आणि ती ठेवायला जागा मागाहून. मधल्या काळात एका लेथवर घारीनं घरटं केलं होतं आणि पिल्लं उडून जाईपर्यंत त्यावर काम झालं नाही, असं मी सांगतो. लोक हसतात. पण ते लेथ टूलरूममध्ये मगदूमच्या शेजारी होतं, एवढं कळलं की हसणं जरा कमी होतं.

मगदूम निपाणीकडचा जैन. अंगानं तालमीतला पैलवान. खांदे असे की दारातून आत येताना दार आधी विचार करी. आणि चालणं मात्र ओल्या सारवणावरून चालावं तसं. नजर जमिनीला, पाऊल अलगद, कारण खाली मुंगी असेल. एकदा दिल्लीहून मोठे साहेब आले, सोबत टोपीवाला परदेशी तज्ज्ञ. सगळी यंत्रं गरगरत होती आणि मगदूमचं ग्राइंडिंग मशीन बंद.

"हे का बंद आहे?" साहेबांनी विचारलं.

"मुंग्यांची रांग चाललीया, साहेब. गेली की लावतो."

"कधी जाईल?"

मगदूमनं वाकून बघितलं. "शेवट दिसंना झालाय."

साहेब थांबले. तज्ज्ञानं टोपी काढून हातात धरली. मी नंतर रांगेचा माग काढला, ती के. आर. पुरम स्टेशनच्या सिग्नलपासून निघाली होती. हे शेवटचं वाक्य सोडून बाकी सगळं खरं आहे.

त्याचं खाणंपिणं हे एक वेगळंच खातं होतं. पाणी गाळल्याशिवाय प्यायचं नाही, म्हणून क्वार्टरच्या नळाला फडकं बांधलेलं. जमिनीखाली पिकतं ते काही खायचं नाही. कॅन्टीनमध्ये मसाला डोसा मिळे तेव्हा तो डोसा उलगडी, बटाट्याची भाजी माझ्या ताटात सारी आणि नुसतं पांघरूण खाई. त्या वर्षांत मी जो अंगानं सुटलो तो सगळा मगदूमच्या बटाट्यांवर. दिवस बुडाल्यावर जेवायचं नाही. दुसऱ्या पाळीला असला की उन्हातच डबा उघडून बसे, आणि कुणी चेष्टा केली तर म्हणे, "सूर्य कुठल्या पाळीला हाय ते बघून जेवतो मी."

असा हा माणूस एकटाच राहत होता. बायको होती. रत्नाक्का. पण ती निपाणीकडे, आणि हा इथं. भांडण नव्हतं, आजार नव्हता. आडवा आला होता तिचा एक नेम. लहानपणी गावात कुणी मुनी आले होते, त्यांच्यासमोर या पोरीनं नेम घेतला की बस्तीत जाऊन देवाचं दर्शन घेतल्याशिवाय तोंडात अन्नाचा कण घालायचा नाही. जैनांच्या देवळाला तिकडे बस्ती म्हणतात, आणि तिकडे गावोगाव बस्ती. त्यामुळे नेमाचं ओझं असं कधी जाणवलंच नव्हतं. इथं बस्ती होती ती शहरात, पेठेत. पहाटे निघून बस धरायची, परत येईपर्यंत दुपार कलायची, आणि बस चुकली की सूर्य बुडायच्या आत घर गाठणंच मुश्कील. रत्नाक्का एकदा राहायला आल्या त्या चार-सहा दिवसांत अशा वाळल्या की मगदूमनं स्वतः नेऊन माहेरी पोहोचवलं.

"अहो, देव्हाऱ्यात एक मूर्ती आणून ठेवा की," मी म्हणालो.

"घरातली चालत न्हाई. बस्तीतलीच पायजे. तसाच नेम हाय."

"मग नेम सोडा म्हणावं. नवऱ्यापेक्षा नेम मोठा का?"

त्यानं नळाचं फडकं सोडून पुन्हा घट्ट बांधलं. मग म्हणाला, "नेम लग्नाच्या आधीचा हाय, कुलकर्णी. मी नंतर आलो."

पुढे मी त्याला त्या विषयावरून कधी छेडलं नाही. संध्याकाळी तो क्वार्टरच्या पायरीवर बसे, समोर एक ताट, त्यात एकाचंच जेवण. पैलवानासारखा माणूस ताटात बघत बसलेला पाहवत नाही.

एका रविवारी आम्ही दोघं तळ्याच्या बाजूला फिरायला गेलो. पलीकडे घाणेरीचं रान होतं, माणूसभर उंच, आणि मधूनच करंजाची झाडं. धनगर त्या बाजूला शेळ्या नेत नसत. त्या जागेला म्हणायचे हाळूर, म्हणजे ओसाड गाव. प्लेगात उठलं ते परत वसलंच नाही. मगदूमला रानात दगडी खांबाचं टोक दिसलं आणि तो सरळ आत घुसला. मी मागून. घाणेरीनं माझा सदरा असा फाडला की घरी बायकोनं आधी सदरा बघितला आणि मग माझ्याकडे संशयानं.

आत गाव होतं. म्हणजे जोती होती, उलटी पडलेली उखळं होती, एका चुलीत वारूळ उठलं होतं. आणि मधोमध काळ्या दगडाची बस्ती. केव्हाची, कोण जाणे. पाच-सातशे वर्षांची असेल, माझ्या हिशेबानं हजार. निम्मं छत बसलेलं, खांबांच्या कंबरेला मुळ्यांचा विळखा, आत वटवाघळांचा उग्र वास. बाहेर तळ्यावर बगळे ओरडत होते, आणि आत पाऊल टाकलं की ओरडणं बंद. कानावर हात ठेवल्यासारखं.

मगदूमनं काट्यांतच वहाणा काढल्या. उंबऱ्यापाशी उभा राहून हलकेच म्हणाला, "निसही, निसही, निसही." आणि थांबला.

"कुणाला सांगता?"

"आत आधीच कुणी दर्शनाला आलं असंल, डोळ्यांना न दिसणारं, तर त्यानं जरा बाजूला व्हावं. आपला धक्का लागू नये. बस्तीत शिरताना असं म्हणायचं असतं."

"आणि आहे का कोणी?"

"बाजूला झालं असंल तर कळणार कसं?"

एरवी मी यावर तासभर हसलो असतो. तिथं हसू आलं नाही. मी भिंतीला पाठ लावून उभा राहिलो.

गाभारा रिकामा होता. पीठ होतं, त्यावर काही नाही. मगदूमचं तोंड उतरलं. मग त्याची नजर वर गेली. गाभाऱ्याच्या चौकटीवर, बरोबर मधोमध, शेवाळाखाली काहीतरी होतं. तो म्हणाला, "वाकता काय जरा?" मी वाकलो, आणि तो माझ्या खांद्यांवर चढला. माझी उंची आज जी आहे ती त्या दिवसापासूनची. वर तो बोटानं शेवाळ पुसत होता आणि एकेक अवयव मोजत होता, टूलरूममध्ये सुटा भाग तपासावा तसा.

"नाक हाय. कान हायत. दोन्ही हात मांडीवर हायत. गुडघा हाय." मग थांबून, "कुलकर्णी, अख्खी हाय."

अंगठ्याएवढी बसलेली जिनमूर्ती. भंगलेली मूर्ती असती तर दर्शनाला चालली नसती. माझ्या मानेवर थेंब पडले. छतातून गळतंय असं मला वाटलं, पण दिवस उन्हाळ्याचे होते.

रजा काढून तो गावी गेला, तिथल्या वृद्ध पंडितांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, मूर्ती अभंग आहे, बस्तीच्या चौकटीवर आहे, मग दर्शन झालं. मगदूम परत आला तो एका हातात ट्रंक आणि मागे रत्नाक्का.

रत्नाक्का म्हणजे मगदूमच्या सावलीतून कापून काढलेली एक बारीक चिंधी. पण त्या चिंधीत गाठ पक्की होती. रोज पहाटे न्हाऊन, ओले केस तसेच, पूजेचं पांढरं लुगडं नेसून, अनवाणी हाळूरला जायच्या. रान तोडू द्यायच्या नाहीत. झाडालाही जीव आहे म्हणायच्या, फांद्या नुसत्या हातानं बाजूला करायच्या. येण्याजाण्यानं एक वाट पडली, त्यांच्याच अंगाच्या मापाची. मगदूम तीतून जाई तेव्हा दोन्ही दंड ओरखडून परत येई.

मला त्यांनी पहिल्याच आठवड्यात ओळखलं. "भाऊजी, तुमचं बोलणं आमच्या पाण्यासारखं गाळून घ्यायला पायजे."

"मग फडक्यात काय उरतं, वैनी?"

"सगळंच."

मगदूम तेव्हा खदखदून हसला. त्याला हसता येतं हे आम्हाला तेव्हा कळलं.

मग नव्या क्वार्टर्सचं बांधकाम निघालं. पायाला दगड हवा, आणि हाळूरमध्ये दगड घडवलेला, फुकट. कंत्राटदाराचा मेस्त्री होता मुनियप्पा. त्यानं गाड्या लावल्या. आधी गावाची जोती गेली, मग बस्तीचं कुंपण. मगदूम वरपर्यंत जाऊन अर्ज-विनंत्या करून आला. पडक्या दगडांसाठी कोण वेळ घालवतो? एका संध्याकाळी तो माझ्याकडे आला तेव्हा चेहरा पिठासारखा झाला होता.

"आज खांबाला पहार लावली. उद्या चौकट काढतील. चौकट गेली की ती गेली बघा निपाणीला."

"मी काय करू?"

"तुम्ही मुनियप्पाला काहीतरी सांगा. तुमचं लोक ऐकतात."

"अहो, माझं कुणी खरं मानत नाही."

"खरं कुठं सांगायचं हाय?" खाली मान घालून तो म्हणाला. "माझा खोटं न बोलायचा नेम हाय. तुमचा न्हाई."

अशी गुणग्राहकता मला आधी आणि नंतर कुणीही दाखवली नाही. आम्ही चहाच्या टपरीवर गेलो. मुनियप्पा होताच. मी सुरुवात केली आणि मग मीच मला आवरू शकलो नाही. प्लेगात सगळं गाव उठलं, पण एक बाई मागे राहिली, देवाला एकटं कसं टाकू म्हणून. ती अजून आहे. पांढरं लुगडं, ओले केस, पायांचा आवाज नाही. तिचा दगड ज्यानं नेला त्याच्या चुलीला जाळ धरत नाही. मगदूम शेजारी बसून बशीत बघत होता.

मुनियप्पा मिशीत हसला. "सरी, सार. बरं, उद्या विचारतो तिला, किती दगड देते."

दुसऱ्या दिवशी डिसेंबरातलं धुकं होतं, हाताला हात दिसू नये असं. मुनियप्पा गाडी घेऊन अंमळ लवकरच गेला. आणि धुक्यातून रत्नाक्का आल्या. त्यांना काय माहीत, थाप काय नि मेस्त्री काय. पहाटेच्या वेळी बस्तीत दुसरा माणूस बघून त्यांना आनंद झाला. त्यांनी त्याला हातानं खूण केली, प्रेमानं म्हणाल्या, "बन्नी अण्णा." या, दादा.

मुनियप्पा कुठल्या वाटेनं पळाला ते आजवर कळलेलं नाही. बैल आपले आपण गाडी घेऊन परत आले. त्या दिवसापासून हाळूरचा खडाही हलला नाही. आठवड्याभरात टपरीवरचे लोक मलाच ती गोष्ट सांगू लागले, आणि माझ्यापेक्षा चांगली.

रत्नाक्कांना पुढे कळलं. मला बोलावून लाडू दिला आणि म्हणाल्या, "जिवंत बाईला भूत केलंत. पाप तुम्हाला लागलं, पुण्य ह्यांना. वाटणी बरोबर झाली."

त्यानंतरची वर्षं मगदूमच्या ताटाशेजारी दुसरं ताट होतं, एवढंच सांगतो. सुखाबद्दल थाप मारायला जागा नसते.

एका पावसाळ्यात रत्नाक्का तापानं गेल्या. फार दिवस नाही काढले. शेवटचं दर्शन मगदूमनं त्यांना पाठीवर घेऊन जाऊन घडवलं. त्यांच्या समाजात श्राद्ध नाही, पिंड नाही, कावळ्याची वाट बघणं नाही. मगदूम मशीनवर परत आला. बोलणं आधीच कमी होतं, आता मशीनचाच आवाज.

काही महिन्यांनी मुनियप्पा मला कारखान्याच्या फाटकाशी भेटला. आवाज खाली आणून म्हणाला, "सार, काल परत बघितली."

"कोणाला?"

"अक्काला. पांढरं लुगडं. बस्तीकडे चालली होती."

मग दूधवाल्यानं बघितली. मग तळ्यावर कपडे धुणाऱ्या बायकांनी. एखाद्या लेखकाला आपलं पुस्तक दुसऱ्याच्या हातात दिसावं तसा मी मनातून सुखावलो. तोवर एक दिवस मगदूम कॅन्टीनमध्ये माझ्यासमोर येऊन बसला.

"कुलकर्णी, हे आता कोण सांगतंय? तुम्ही?"

"शप्पथ. ती गेल्यापासून त्या विषयावर मी अक्षर काढलेलं नाही."

त्यानं मान हलवली. माझ्यावर त्याचा विश्वास बसला, आणि बसायला नको होता असं त्याच्या चेहऱ्यावर दिसलं.

"आमच्यात हे बसत न्हाई," तो म्हणाला. "जीव निघाला की पापणी लवायच्या आत दुसऱ्या जन्माला लागतो. मधी थांबत न्हाई. शास्त्रात तिला थांबायला जागाच न्हाई. आणि भटकत राहावं असं तिनं काय केलंय? मुंगी मारली न्हाई."

"बरोबर आहे."

"आणि ते भूत तुम्ही टपरीवर बसून केलेलं. मी शेजारी होतो."

"होता."

"मग मी रोज पहाटे का जातोय?"

 मी म्हणालो, उद्या मी पण येतो.

धुकं होतंच. गाड्यांनी तुडवलेलं रान पुन्हा माजलं होतं, सगळीकडे घाणेरी छातीपर्यंत आलेली. ती वाट मात्र उघडी होती. तेवढीच, एका बारीक बाईच्या मापाची. मगदूम तिच्या तोंडाशी थांबला.

"मी हितनं मावत न्हाई," दंडावरचे ओरखडे दाखवून म्हणाला. "माझ्यानं वाट पडली असती तर रुंद पडली असती. मग ही कुणी ठेवलीया?"

"शेळ्या असतील."

"शेळ्या असतील," तोही म्हणाला. धनगर तिथं शेळ्या नेत नाहीत, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

बस्तीत आम्ही बसलो. छतातून पाणी ठिबकत होतं. थेंब पडायचा आवाज आणि पुढचा थेंब यांच्यामध्ये फार वेळ जातोय असं वाटे. एकदा रानात काहीतरी सरकलं.  मी डोळे फाडून बघत राहिलो. उजाडलं. धुकं विरलं.

"दिसली काय?" त्यानं विचारलं.

थापाड्याच्या आयुष्यात अशी संधी एकदाच येते. 'हो' म्हटलं असतं तर त्या माणसानं ते जन्मभर जपून ठेवलं असतं. जीभ वळली नाही.

"नाही," मी म्हणालो.

"मलाबी न्हाई," तो म्हणाला. "एकदाबी न्हाई. सगळ्यांना दिसती."

साठ साल उलटून गेल्यावर कारखाना वाढायला लागला. नवी शेड आली ती थेट हाळूरवर. या वेळी गाड्या-बैल नव्हते. जमीन सपाट करणारं यंत्र होतं, आणि यंत्राला भूत दिसत नाही. शहरातल्या बस्तीचे लोक आले, त्यांनी रीतसर ती चौकट उतरवली, मूर्तीसकट पेठेत नेली. देवाची सोय झाली. त्याच आठवड्यात माझी उत्तरेकडे बदली आली होती. मी सामान बांधत होतो तेव्हा मगदूम दारात येऊन उभा राहिला.

"देव गेला पेठेत. उद्या दगड काढणार."

"हो, ऐकलं."

"ती तिथं हाय असं मी म्हणत न्हाई," तो म्हणाला. "शास्त्र तसं न्हाई. पण असली, तर उद्या जाणार कुठं? रोज सकाळी तिथं यायची आणि चौकट न्हाई. दर्शन न्हाई म्हणजे जेवण न्हाई. उपाशी राहील."

मी हातातली दोरी खाली ठेवली. 

सकाळी मी हाळूरला गेलो तेव्हा यंत्र रानाच्या कडेला उभं होतं, बंद. मुनियप्पा आता स्वतः कंत्राटदार झाला होता, पांढरा शर्ट, मनगटाला घड्याळ. त्यानं ड्रायव्हरला खाली उतरवून ठेवलं होतं.

"मगदूम सार आत गेलेत," तो म्हणाला. "स्वल्प थांबा म्हणाले. थांबतो की. मला काय घाई."

बऱ्याच वेळानं मगदूम बाहेर आला. धुतलेलं धोतर, अंगावर उपरणं. त्या अरुंद वाटेनं तो येत होता, पण वाटेतून नव्हे. वाट मोकळी ठेवून तो शेजारच्या काट्यांतून चालत होता आणि एका हातानं पुढच्या फांद्या मागे धरत होता. धोतर टराटर फाटत होतं. त्याचं लक्ष नव्हतं. मुनियप्पानं बूट काढले.

आमच्यासमोरून तो गेला. माझ्याकडे बघून मान हलवली, रोज फाटकाशी हलवायचा तशीच. मी काही अंतर ठेवून मागे निघालो. पुढे डांबरी रस्ता लागला, दोन गाड्या शेजारून जातील असा. तिथंही तो रस्त्याच्या कडेच्या गवतातून चालला, हळू, आपल्या पैलवानी पावलांना आवर घालत.

थांब्यावर शहराची बस उभी होती. आधी दारापाशी थोडा थांबून मग तो चढला. कंडक्टरनं काहीतरी विचारलं, मगदूमनं पेठेचं नाव सांगितलं. सकाळची बस, आत चार माणसं. कंडक्टर बसा म्हणाला, मगदूमनं नाही म्हणून मान हलवली.

बस सुटली तेव्हा मला मागच्या काचेतून तो दिसला. खिडकीजवळच्या एका रिकाम्या बाकाशेजारी, वरची दांडी धरून, उभा.